मेव्हनमध्ये अनेक मॉड्यूलचा प्रकल्प कसा मांडावा

जावाचा प्रकल्प वाढला की डेटाबेसचा कोड, वेब पानांचा कोड आणि रात्री आपोआप चालणारी कामे एकमेकांत गुंततात. मग कोणीतरी सुचवते, याची मॉड्यूल करू या. सूचना रास्तच असते. फक्त तुकडे पाडले की आधी कधी न दिसलेल्या चुका दिसू लागतात. त्या कुठून येतात हे कळण्यासाठी आपण एक छोटा प्रकल्प सुरुवातीपासून उभा करू.

आधी दोन शब्द. बिल्ड म्हणजे लिहिलेला कोड तपासून, चाचण्या चालवून त्याची चालवण्याजोगी फाइल तयार करण्याची सगळी प्रक्रिया. मॉड्यूल म्हणजे स्वतःची बिल्ड फाइल असलेला प्रकल्पाचा भाग. त्यातून सहसा एक जार, म्हणजे संकलित कोडचे एक पुडके, तयार होते. बिल्डच्या कामासाठी ग्रेडल हे साधन वापरणारेही पुष्कळ आहेत. इथे मेव्हन ३ घेतले आहे, कारण नोकरीत नवा माणूस ज्या प्रकल्पात जाऊन पडतो तिथे तेच भेटण्याची शक्यता दांडगी.

आपला प्रकल्प सार्वजनिक ग्रंथालयाचा. त्यात तीन मॉड्यूल: ‘गाभा’मध्ये सभासद, पुस्तके आणि उशिराच्या दंडाचे नियम, ‘साठवण’मध्ये डेटाबेसचे काम, ‘वेब’मध्ये ग्रंथपालाला दिसणारी पाने. नावे आणि कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे वापरायची.

सर्वांत वर एक मूळ फोल्डर, त्यात पॉम डॉट एक्सएमएल ही बिल्डची फाइल आणि तिच्या शेजारी तीन मॉड्यूलचे तीन फोल्डर. प्रत्येकात त्याची स्वतःची पॉम. मूळ पॉममध्ये पॅकेजिंग ‘पॉम’ असे लिहायचे, कारण तिथे कोड नसतो. इथे ‘जार’ राहिले तर मेव्हन पुढे जातच नाही. ही चूक निदान लगेच कळते.

आता खरी गोम. मूळ पॉम दोन वेगळी कामे करते आणि बहुतेकांना ती एकच वाटतात. ‘मॉड्यूल्स’ या यादीतून ती सांगते की कोणकोणते भाग एकत्र बांधायचे. मुलांच्या, म्हणजे मॉड्यूलच्या, पॉममधल्या ‘पेरेंट’ या नोंदीमुळे तिच्यातल्या सेटिंग मुलांना वारशाने मिळतात. यादीत नाव टाकले म्हणून वारसा मिळत नाही आणि पेरेंट लिहिले म्हणून मॉड्यूल बिल्डमध्ये येत नाही. सेटिंग लागू होत नसेल तर पेरेंट पाहा. मॉड्यूल बांधलेच जात नसेल तर यादी पाहा.

पेरेंटची फाइल मेव्हन एक फोल्डर वर शोधते. मॉड्यूल दोन पातळ्या खाली ठेवले असेल तर ‘रिलेटिव्हपाथ’ या नोंदीत योग्य वाट लिहावी लागते. ती विसरली आणि मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये शिरून बिल्ड चालवली, तर मेव्हन पेरेंट शोधायला आपल्या मशीनवरच्या साठ्यात जाते. तिथे जुनी प्रत पडलेली असली तर मुकाट्याने तीच उचलते. हा साठा म्हणजे होम फोल्डरमधला ‘डॉट एमटू’. त्याचे नाव लक्षात ठेवा.

पुढची पायरी क्रमाची. सगळ्या पॉम वाचून कोण कोणावर अवलंबून आहे ते पाहणारा आणि त्याप्रमाणे रांग लावणारा मेव्हनचा भाग म्हणजे रिअ‍ॅक्टर. आपण यादीत वेब आधी लिहिले तरी गाभा आधी बांधला जाईल. अडते ते वर्तुळ झाल्यावर. वेबला साठवण लागते; एक दिवस साठवणीला वेबमधला तारीख लिहिण्याचा क्लास हवासा वाटतो, तशी नोंद होते आणि रिअ‍ॅक्टर तिथेच थांबतो. सेटिंग बदलून हे सुटत नाही. तो क्लास गाभ्यात हलवा. ‘कॉमन’ नावाचे नवे मॉड्यूल काढून त्यात टाकण्याचा मोह होईल, पण सहा महिन्यांत त्याची अडगळीची खोली होते.

बाहेरच्या लायब्ररींना डिपेंडन्सी म्हणतात. मूळ पॉममध्ये त्यांच्यासाठी दोन जागा आहेत. ‘डिपेंडन्सीज’मध्ये लिहिलेली लायब्ररी प्रत्येक मुलाला मिळते, त्याला हवी असो वा नसो. डेटाबेसचा ड्रायव्हर तिथे लिहिला तर तो गाभ्यातही घुसतो आणि मग वेगळी मॉड्यूल केली कशाला? ‘डिपेंडन्सी मॅनेजमेंट’मध्ये फक्त आवृत्ती ठरते, ज्याला लायब्ररी हवी त्याने आपल्या पॉममध्ये आवृत्तीशिवाय तिचे नाव लिहायचे. आवृत्त्या वर, वापर खाली, एवढे पाळले तरी निम्मी कटकट जाते. आपल्या भावंड-मॉड्यूलच्या आवृत्त्याही इथेच नोंदवा.

हे का महत्त्वाचे, ते एका भांडणातून कळते. आपण घेतलेल्या दोन लायब्ररी आतून जॅक्सन या तिसऱ्या लायब्ररीच्या दोन वेगळ्या आवृत्त्या मागतात. मेव्हन नवी आवृत्ती निवडत नाही, डिपेंडन्सींच्या झाडात आपल्याला जवळची निवडते. अंतर सारखे असेल तर आधी लिहिलेली. जवळची जुनी निघाली तरी बिल्ड हिरवी होते आणि कार्यक्रम चालू असताना ‘नो सच मेथड एरर’ येऊन कोसळतो. ‘एमव्हीएन डिपेंडन्सी:ट्री’ चालवून आपण ते झाड पाहू शकता. मूळ पॉमच्या डिपेंडन्सी मॅनेजमेंटमध्ये आवृत्ती लिहिली की आडून येणाऱ्या लायब्ररींनाही ती लागू होते.

पेरेंट एकच ठेवता येतो. कंपनीचा पेरेंट आधीच असेल आणि स्प्रिंग बूटच्या आवृत्त्याही हव्या असतील, तर स्प्रिंग बूटची बॉम, म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांची तयार यादी, ‘इम्पोर्ट’ स्कोपने डिपेंडन्सी मॅनेजमेंटमध्येच आणा.

प्लगइन म्हणजे बिल्डमधले एकेक काम प्रत्यक्ष करणारे साधन. त्यांच्या आवृत्त्याही वरच, ‘प्लगइन मॅनेजमेंट’मध्ये बांधून टाका, नाहीतर मेव्हनची आवृत्ती बदलली की त्या परस्पर बदलतात. जावाची आवृत्ती ‘मेव्हन.कंपायलर.रिलीज’मध्ये लिहा. जुन्या ‘सोर्स’ आणि ‘टार्गेट’ या जोडीने भाषेची आवृत्ती ठरते, पण नव्या जावातली मेथड चुकून वापरली गेली तर ती अडवत नाही. आणि सोर्सचे एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्पष्ट नोंदवा. जावा १८ च्या आधी काही न लिहिल्यास मशीनचे एन्कोडिंग धरले जाई, आणि कोडमध्ये थेट लिहिलेला मराठी मजकूर विंडोजवर बांधल्यावर भलताच दिसे.

आता सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक. आपण गाभ्यात दंडाचा नियम बदलला. पूर्ण बिल्डला वेळ लागतो म्हणून ‘-पीएल वेब’ देऊन फक्त वेब बांधले. पान उघडले तर दंड जुनाच! कोड पुन्हा वाचला, ब्राउझरची कॅशे पुसली, सर्व्हर दोनदा बंद-चालू केला, तरी तेच. कारण साधे आहे. गाभा या बिल्डमध्ये नव्हता, म्हणून मेव्हनने डॉट एमटूमधली त्याची जार घेतली, आणि ती मागे कधीतरी ‘इन्स्टॉल’ चालवले तेव्हाची होती.

उपाय म्हणजे ‘-एएम’ जोडायचे: ‘एमव्हीएन व्हेरिफाय -पीएल वेब -एएम’. वेबला लागणारी सगळी मॉड्यूल मग आधी बांधली जातात. उलट, गाभा बदलल्यावर त्याच्यावर अवलंबून असलेले सारे तपासायचे असेल तर ‘-पीएल गाभा -एएमडी’. बिल्ड मध्येच तुटल्यावर ‘-आरएफ’ देऊन तिथूनच पुढे सुरू करता येते, पण तिथेही वगळलेल्या मॉड्यूलसाठी मेव्हन ३ डॉट एमटूकडे वळते.

म्हणून ‘क्लीन इन्स्टॉल’ हा मंत्र सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे. इन्स्टॉल आपली जार डॉट एमटूमध्ये ठेवते आणि पुढच्या चुका झाकते. रोजच्या कामाला ‘व्हेरिफाय’ पुरते. एकत्रित चाचण्या चालवणारे फेलसेफ हे प्लगइन जोडलेले असेल तर त्यांचा निकालही याच टप्प्यावर लागतो.

राहिली आवृत्ती. प्रत्येक मुलाच्या पॉममध्ये पेरेंटची आवृत्ती लिहावी लागते आणि नव्या प्रकाशनाच्या वेळी एखादी बदलायची राहतेच. मेव्हन ३.५.० पासून तिथे ‘रिव्हिजन’ हे चल ठेवून खरा आकडा मूळ पॉममध्ये एकदाच लिहिता येतो. जार दुसऱ्यांना द्यायची असेल तर सोबत फ्लॅटन प्लगइन जोडा. नाहीतर बाहेर गेलेल्या पॉममध्ये आकड्याऐवजी चलच राहते आणि घेणाऱ्याची बिल्ड तुटते.

एवढी मांडणी झाली की एक तपासणी करा. डॉट एमटूमधल्या ‘रिपॉझिटरी’ फोल्डरमधून फक्त आपल्या प्रकल्पाच्या ग्रुप आयडीचा फोल्डर पुसा आणि मूळ फोल्डरमधून ‘एमव्हीएन क्लीन व्हेरिफाय’ चालवा. बिल्ड तुटली आणि न सापडलेली वस्तू आपल्याच प्रकल्पाची असली, तर मॉड्यूल्सची यादी, पेरेंट आणि भावंडांच्या आवृत्त्या याच क्रमाने तपासा. तुटली नाही, तर नव्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरही ती बहुधा पहिल्याच फेरीत चालेल.