एफटीपीच्या पोटातली ओळ

३ मे २००१. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न स्कूलमध्ये मायक्रोसॉफ्टचे क्रेग मंडी भाषणाला उभे राहिले आणि त्यांनी जीपीएल नावाच्या परवान्यावर तोफ डागली. महिना उलटतो न उलटतो तोच कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी एका मुलाखतीत, त्याच परवान्याखाली वाटल्या जाणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला थेट कर्करोग म्हटलं. ज्याला शिवेल त्याची बौद्धिक संपदा ग्रासणारा, असा त्यांचा आरोप.

लिनक्सवाले चवताळले. मग कंपनीच्याच घराची झडती सुरू झाली. तिला कोर्टाचं वॉरंट नको होतं, टेबलावरचं विंडोज २००० पुरेसं होतं. सिस्टिम-३२ फोल्डरमध्ये एफटीपी या फाइली पाठवण्या-आणण्याच्या प्रोग्रामची फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडली तर नुसता चौकोनांचा आणि चित्रविचित्र चिन्हांचा चिखल. पण फाइंड कमांड देऊन त्यात 'रीजेंट्स' हा शब्द शोधला की त्या चिखलातून एक स्वच्छ इंग्रजी ओळ वर येई. कॉपीराइट १९८३, रीजेंट्स ऑफ द युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, सर्व हक्क राखीव. फिंगर, आरएसएच या प्रोग्रामांच्या पोटातही तोच शिक्का. बर्कली विद्यापीठातल्या युनिक्सचा, म्हणजे बीएसडीचा, फुकट वाटलेला कोड विंडोजच्या बंद डब्यात बसला होता.

चोर सापडला म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांचा मात्र इथे हिरमोड झाला. बीएसडीचा परवाना दिलदार. कोड घ्या, बदला, विका, स्वतःचा सोर्स कुलपात ठेवा. फक्त आमच्या नावाची ओळ पुसू नका. ती ओळ पुसली नव्हती, म्हणूनच तर ती सापडली. जीपीएलचं तसं नाही. माझा कोड मिसळून बनवलेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात, तर त्या अख्ख्या प्रोग्रामचा सोर्सही त्याच अटींवर द्या, असं तो बजावतो. मंडींचा राग होता तो यावर.

आणि खरी गंमत पुढेच होती. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये सॉफ्टवे सिस्टिम्स ही छोटी कंपनी विकत घेतली होती. तिचं इंटरिक्स हे उत्पादन विंडोज एनटीवर युनिक्सचे प्रोग्राम चालवी, आणि त्यासोबत येई जीसीसी हा कंपायलर. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा, शंभर टक्के जीपीएलचा. म्हणजे ज्या परवान्याला व्यासपीठावरून शिव्या, त्याच परवान्याखालचा माल दुकानात! आता सोर्स देणं भाग होतं, आणि कंपनी तो मुकाट देत होती. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, दुसरं काय. पण न्यायाने बोलायचं तर खायच्या दातांनी परवाना नीट पाळला होता.

हे इंटरिक्स पुढे 'सर्व्हिसेस फॉर युनिक्स'मध्ये मिसळलं, आणि त्याचं काम चाले ते हैदराबादला. १९९८ मध्ये तिथे सुरू झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या डेव्हलपमेंट सेंटरच्या पहिल्यावहिल्या कामांपैकी हे एक. बामर यांच्या विधानाचा धुरळा अजून खाली बसला नव्हता आणि त्यांच्याच पगारावरचे हैदराबादचे इंजिनिअर शेकडो युनिक्स कमांड विंडोजवर नांदवत होते. २००२ मध्ये तिसरी आवृत्ती आली. जानेवारी २००३ मध्ये न्यूयॉर्कला लिनक्सवर्ल्ड प्रदर्शन भरलं, आणि सिस्टिम इंटिग्रेशनचं बक्षीस मिळालं कुणाला? मायक्रोसॉफ्टच्या याच उत्पादनाला. लिनक्सच्या मांडवात! पुढच्या वर्षी आवृत्ती ३.५ फुकट झाली.

परवाना खरोखर मोडला गेला तो नंतर, आणि ते उघडकीला आलं ते आरडाओरड न होता. व्हायटा कंपनीचे स्टीफन हेमिंगर आपलं राउटर सॉफ्टवेअर हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालवू पाहत होते. त्यासाठी लागणारा मायक्रोसॉफ्टचा नेटवर्क ड्रायव्हर तपासताना त्यांना दिसलं, की त्यातले काही भाग जीपीएलखालचे उघडे आहेत आणि त्यांनाच काही बंद बायनरी तुकडे जोडले आहेत. जीपीएलला अशी सरमिसळ चालत नाही. हेमिंगर बोभाटा करू शकले असते, बातमी दणक्यात चालली असती. त्यांनी तसं केलं नाही. नोव्हेलमधल्या ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या कानावर घातलं, आणि त्यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या योग्य माणसांना गाठलं. मला या सगळ्या प्रकरणात हेमिंगर हा माणूस सगळ्यात आवडतो.

२० जुलै २००९ रोजी मायक्रोसॉफ्टने सुमारे २०,००० ओळींचे ड्रायव्हर जीपीएलखाली खुले केले आणि लिनक्सच्या स्वाधीन केले. ते साफसूफ करून लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे मुख्य कर्नलच्या, लायकीचे बनवणं हे किचकट काम पुढे के. वाय. श्रीनिवासन यांच्याकडे आलं. २०११ मध्ये लिनक्स ३.० बाहेर पडलं तेव्हा बदलांच्या संख्येत सगळ्यात वर त्यांचंच नाव होतं, आणि नावापुढे कंपनी लिहिलेली होती मायक्रोसॉफ्ट. बामर तेव्हाही प्रमुखपदीच होते.