अंगणातली झुडपं : भाग 6
कातळावरची जास्वंद

रत्नागिरीत पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच कोसळतो. पुढे आठ महिने कोरडे. किनाऱ्याच्या आगरात वाळूमिश्रित माती असते, तर सड्यावर जांभ्याचा कातळ आणि त्यावर चार बोटं माती. अशा ठिकाणी जगेल, वाढेल आणि भाद्रपदात गणपतीला फुलंही देईल असं झुडूप हवं असेल, तर लाल एकेरी जास्वंदीला तोड नाही.

ही जात मुळात कुठली, ते रानात शोधून कळत नाही, कारण आपसूक वाढलेली ती कुठेच सापडत नाही. लिनिअसने 1753 साली तिला चीनचा गुलाब ठरवलं, तर 1960 मध्ये तेव्हाच्या मलायाने तिला राष्ट्रीय फूल केलं. माणसाने फांद्या खोचत तिला देशोदेशी नेलं आणि आजही लावायची रीत तीच आहे. फूल हातात घेऊन पाहावं: पाच पाकळ्या, मधून बाहेर आलेला लांब दांडा, त्यावर पिवळ्या परागांचे ठिपके आणि टोकाला पाच लाल मखमली बिंदू. बीजधारणेची सगळी तयारी आहे, पण बागेतल्या जास्वंदीला बी क्वचितच धरतं.

म्हणून फांदीच लावावी. मृगाचा पाऊस स्थिरावला की पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची पक्व फांदी डोळ्याखाली तिरकी कापायची, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढायची आणि निम्मी मातीत खोचायची. त्याच वेळी जुन्या झुडपाची हलकी छाटणीही उरकते. जास्वंदीला फूल नव्या फुटीवरच येतं, त्यामुळे आता छाटलेल्या झाडाला चतुर्थीपर्यंत नवी फूट धरायला पुरेसा अवधी मिळतो. ऐन श्रावणात कात्री चालवली, तर गणपतीत नुसती पानंच बघायला मिळतात.

तिला खरा धोका आहे तो साचलेल्या पाण्याचा. हापूससाठी कातळात सुरुंग लावून खड्डे काढण्याची इथे जुनी पद्धत आहे, पण तसाच खड्डा जास्वंदीसाठी काढला आणि पाण्याला वाट ठेवली नाही, तर पावसाळ्यात त्याची टाकी होते. मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात, कळ्या न उमलताच गळतात. त्यापेक्षा जांभ्याचे तुकडे रचून फूटभर उंच वरंबा करावा आणि त्यात माती व कुजलेलं शेणखत भरावं. जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यामुळे झाडाला लोह सहज मिळतं. देशावर चुनखडीच्या जमिनीत हिरव्या शिरांची पिवळी पानं दिसतात, तो त्रास इथे फारसा नाही. मात्र पावसाने नत्र आणि पालाश धुऊन जातात, म्हणून दसऱ्यानंतर पुन्हा खत द्यावं लागतं.

उन्हाळ्यात बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन हवंच. याच दिवसांत कोवळ्या शेंड्यांवर पांढरा पिठ्या ढेकूण बसतो. खोडावरून मुंग्यांची रांग वर चढताना दिसली, की शेंडा उलटून पाहावा: तो रस शोषून गोड चिकटा सोडतो आणि त्यासाठी मुंग्या त्याला राखतात. लागण थोडी असेल, तर पाण्याचा जोरदार फवारा आणि नंतर साबणाच्या सौम्य पाण्यात मिसळलेलं निंबोळी तेल पुरतं. फार पसरली, तर शेंडे कापून जाळावेत. जास्वंद पुन्हा फुटते.