सातबाऱ्यावरची गुंतवणूक

मुळशी तालुक्याच्या पश्चिमेला ताम्हिणीच्या डोंगररांगा आणि १९२० च्या दशकात टाटांच्या वीजप्रकल्पासाठी अडवलेले मुळेचे पाणी आहे, तर पूर्वेला हिंजवडी परिसरातील शेतजमिनींवर राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे आहे; आणि या दोन्ही टोकांच्या जमिनींचे हक्क ज्या अधिकार अभिलेखात नोंदले जातात, त्याचा कारभार पौड येथील तहसील कार्यालयातून चालतो. धरणाखाली गेलेल्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झालेल्या या तालुक्यात आज जमिनीचा सौदा गुंठ्याच्या भावाने होतो, त्यामुळे सातबाऱ्यावरील क्षेत्राचा एक आकडा चुकला किंवा एका वारसाचे नाव राहून गेले, तर एका कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी अडकून पडते. सरकारी कार्यालयांनी माहिती तंत्रज्ञानावर पैसा कशासाठी, कोणत्या क्रमाने आणि किती काळ खर्च करावा, या प्रश्नाचा कस म्हणूनच अशा तालुक्यात लागतो.

अमेरिकेने १९९६ साली क्लिंगर-कोहेन कायदा करून आपल्या संघराज्य सरकारच्या खात्यांना असे बंधन घातले की, संगणकप्रणालीवरील खर्च हा भांडवली गुंतवणूक मानून त्याची आधी निवड, मग नियंत्रण आणि शेवटी मूल्यमापन करावे. निवड म्हणजे कामाची पद्धत सुधारण्याआधी यंत्र न घेणे, नियंत्रण म्हणजे टप्प्याटप्प्याला खर्च व फलित ताडून पाहणे, आणि मूल्यमापन म्हणजे प्रणाली सुरू झाल्यानंतर ती ज्यासाठी आणली ते साधले का हे तपासणे. ही तीन पदे डोळ्यांपुढे ठेवून महाराष्ट्रातील भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाकडे पाहिले, तर असे दिसते की मधले पद सर्वांत उशिरा आले आणि त्याची किंमत तलाठ्याने व खातेदाराने मोजली.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली आणि त्यांत महाराष्ट्रातून वर्ध्याची निवड झाली होती. पुढे २००८ मध्ये ही योजना आणि महसूल यंत्रणेच्या बळकटीकरणाची योजना एकत्र करून राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आखला गेला. त्यात माहिती भरण्याचा सर्व खर्च केंद्राने उचलला, पुनर्मोजणीचा खर्च केंद्र व राज्य यांच्यात निम्मा-निम्मा वाटला गेला, तर दस्तनोंदणीच्या संगणकीकरणात केंद्राचा वाटा बहुतेक राज्यांसाठी केवळ २५ टक्के राहिला. या वाटणीचा परिणाम उघड होता: जे काम पूर्ण अनुदानातून होई ते आधी उरकले गेले, आणि ज्यासाठी राज्याला स्वतःची तिजोरी उघडावी लागे, त्या मोजणीसारख्या मूलभूत कामाला वर्षानुवर्षे मुहूर्त मिळाला नाही.

माहिती भरली गेली, पण ती तपासली गेली नाही. हस्तलिखित सातबारा आणि संगणकीकृत सातबारा दीर्घकाळ समांतर चालत राहिले. तलाठी फेरफार वहीत घेई, संगणकावर तो नंतर चढे किंवा चढतच नसे, आणि त्यामुळे एकाच गटाच्या दोन उताऱ्यांवर दोन वेगवेगळी क्षेत्रे दिसू लागली. शेजारच्या कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्पाच्या वेळी, म्हणजे २००० च्या सुमारास, एखाद्या तालुक्याचे काम पूर्ण झाले की तेथील हस्तलिखित उताऱ्याची वैधताच संपुष्टात आणली गेली होती. या निर्णयाला यंत्राचा खर्च नव्हता, केवळ प्रशासकीय धैर्य लागत होते, आणि त्यातूनच त्या गुंतवणुकीचे फळ मिळाले.

दस्तनोंदणीच्या बाजूला महाराष्ट्राने वेगळा मार्ग धरला. ‘सरिता’ या प्रणालीसाठी यंत्रसामग्री आणि मनुष्यबळ खासगी संस्थांनी पुरवायचे आणि त्यांचा मोबदला पक्षकारांकडून पानामागे २० रुपये दस्तहाताळणी शुल्क घेऊन भागवायचा, अशी ती व्यवस्था होती. सरकारला आरंभी भांडवल घालावे लागले नाही आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांत संगणक लवकर पोहोचले, हे तिचे मोठे यश होय. परंतु नोंदलेला दस्त महसूल खात्याकडे आपोआप जावा, ही जोडणी त्या गुंतवणुकीत मुळात नव्हती. २०१२ नंतर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘आय-सरिता’ आणि त्यापाठोपाठ ई-फेरफार आल्यावर ती साधू लागली. आता खरेदीखत नोंदले गेले की त्याची माहिती तहसीलकडे येते, तलाठी फेरफार तयार करतो, हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस जाते, हरकतीची १५ दिवसांची मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५० चा हा क्रम जुनाच आहे; प्रणालीने तो तसाच ठेवून प्रत्येक पायरीची तारीख व कर्ता उघड केला, आणि यातच तिचा खरा उपयोग आहे.

मात्र त्याआधी जुनी माहिती शुद्ध करावी लागली. तलाठ्यांनी संगणकीय उतारे हस्तलिखिताशी ताडले, २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन करून खातेदारांना त्यांच्या नोंदी वाचून दाखवण्यात आल्या, आलेल्या हरकतींवर पुन्हा दुरुस्त्या झाल्या, आणि लेखनप्रमादासाठी कलम १५५ खाली तहसीलदारांचे आदेश घ्यावे लागले. हे काम नेहमीचा महसूल वसूल करीत, निवडणुका व पंचनामे सांभाळीत, धीम्या सर्व्हरपुढे रात्री जागून करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या श्रमावर उभे राहिले. सुमारे अडीच कोटी सातबाऱ्यांच्या या शुद्धीकरणानंतरच १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा देता येऊ लागला. संगणकाची किंमत निविदेत येते; या जागरणाची किंमत कोणत्याही प्रकल्प अहवालात स्वतंत्र शीर्षाखाली आलेली नाही, आणि ती यायला हवी होती.

पुणे जिल्ह्याला या बाबतीत जुना धडा उपलब्ध होता. १८२८ च्या सुमारास ब्रिटिश अधिकारी रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनी येथे केलेल्या पाहणीत प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढण्याची अतिशय बारकाईची गणिते होती, पण त्यांच्या मुळाशी हाताखालच्या यंत्रणेने पुरवलेली खोटी व कच्ची माहिती होती. सारा न पेलल्याने जमिनी ओस पडल्या आणि ती व्यवस्था मोडीत काढावी लागली. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरात नव्याने आरंभ केला, तेव्हा गणित सोपे केले आणि मोजलेल्या शेतांपैकी काही शेते वरिष्ठाने पुन्हा स्वतः तपासावीत, असा दंडक घातला. फेरतपासणीचा खर्च त्यांनी कामाचाच भाग धरला, म्हणून ती पद्धत टिकली आणि मुंबई इलाखाभर पसरली.

त्याच परंपरेतील ३३ फुटी साखळीने मोजलेले नकाशे आजच्या सातबाऱ्याचा आधार आहेत, आणि प्रश्न आता तेथे येऊन ठेपला आहे. उताऱ्यातील अक्षरे शुद्ध झाली तरी नकाशातील हद्द, उताऱ्यावरील क्षेत्र आणि जागेवरचा बांध या तिन्ही गोष्टी जुळतातच असे नाही. मुळशीसारख्या उताराच्या, ओढ्यानाल्यांच्या आणि पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या झालेल्या तालुक्यात तर ही तफावत मोजणीच्या प्रत्येक अर्जात समोर येऊ शकते. उपग्रहाधारित रोव्हरने काही सेंटिमीटरपर्यंत अचूक बिंदू मिळतो, परंतु तो बिंदू कोणाच्या हद्दीत धरायचा हे शेजारच्या खातेदारांसमोर, हरकती ऐकून, आदेश काढूनच ठरते. तेव्हा पुनर्मोजणीच्या अंदाजपत्रकात रोव्हर व ड्रोन यांच्या जोडीला सुनावण्यांसाठी भूकरमापक व अधिकारी, त्यांच्या प्रशिक्षणाची रक्कम, आणि प्रणाली सुरू झाल्यानंतर निदान दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद ही मूळ मंजुरीतच असली पाहिजे. आणि पौडच्या कार्यालयात एका फेरफाराला सरासरी किती दिवस लागतात, किती नोंदी हरकतीअभावी प्रमाणित होतात आणि किती तक्रारीच्या नोंदवहीत अडकतात, हे आकडे दरवर्षी गावनिहाय चावडीवर लावले गेले पाहिजेत.