बुटातून हाडात

पूर्व बंगळुरूच्या महादेवपुरा, व्हाइटफील्ड पट्ट्यात आयटी कंपन्यांच्या इमारतींशेजारी नवी बांधकामं चालूच असतात. सेंटरिंगच्या फळ्या उतरल्या, की त्यांतले खिळे टोक वर करून पडून राहतात आणि पोरांना खेळायला नेमकी तीच जागा सापडते. खिळा बूट भेदून तळव्यात घुसतो, कुणीतरी तो उपसतं, धनुर्वाताचं इंजेक्शन होतं. दोन-तीन दिवसांत ठणका ओसरतो.

बहुतेक मुलांचं प्रकरण इथेच मिटतं. काहींचं मात्र आठवडाभराने पुन्हा डोकं वर काढतं. मूल टाच किंवा चवडा टेकवत नाही. ताप बहुधा नसतो, जखमेचं तोंड मिटलेलं असतं, फक्त दाबलं की कळ येते. ‘खेळताना मुरगळला असेल’ म्हणून आयोडेक्स चोळण्यात आणखी दिवस जातात.

गंमत अशी, की पायाचं रक्षण करणारा बूटच इथे गोत्यात आणतो. रबरी तळाच्या बुटातला फोमचा थर घामाने ओला आणि उबदार राहतो. स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूला आणखी काय हवं? खिळा त्या थरातून जाताना जिवाणूला थेट हाडाशी पोहोचवतो. अशा रुग्णमुलांच्या बुटांतूनच अमेरिकी डॉक्टरांनी हा जंतू शोधून काढला, तो १९८५ साली. जंतू मात्र जुना ओळखीचा. जखमेच्या पट्ट्यांवर पडणाऱ्या निळ्या-हिरव्या डागांचा माग काढत फ्रेंच औषधनिर्माता कार्ल झेसार १८८२ मध्येच त्याच्यापर्यंत पोहोचला होता.

धनुर्वाताची लस या जंतूला रोखत नाही. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिनही त्याच्यावर चालत नाही. त्यातून मुलांच्या पायात कूर्चेचा भाग मोठा. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्याने औषध तिथे नीट पोहोचत नाही. एक्स-रे पहिले दहा-चौदा दिवस निर्दोष दिसू शकतो, म्हणून लंगडणं थांबत नसेल तर एमआरआय करावा लागतो. आत काटा किंवा लाकडाची कपची राहिली असेल, तर तीही एक्स-रेत सहसा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसते.

निदान झालं, की हाड उघडून सडका भाग खरवडतात, जखम धुतात आणि सेफ्टाझिडिमसारखं नेमकं प्रतिजैविक देतात. हाडाच्या वाढीच्या थरापर्यंत संसर्ग गेला असेल, तर जखम भरल्यावरही पुढे तपासण्या चालू ठेवतात. तो थर दुखावला तर ते हाड आखूड राहू शकतं.