समूहभाव आणि बाजार : अंगावरचे धोतर, माजघरातली आगपेटी

जाहिरातदारांनी आपलेपणाचे भांडवल कसे केले हे आज सांगण्याचा वायदा होता; परंतु गेल्या आठवड्याचा लेखांक वाचून कऱ्हाडकडील एका वाचकांनी पाठविलेला प्रश्न इतका मुद्द्याचा आहे की, तो वायदा आठ दिवस पुढे ढकलण्यावाचून गत्यंतर नाही. ते विचारतात : वंगभंगाच्या वेळी जाडेभरडे आणि वर महागडे देशी कापड हौसेने घेणारी मंडळी इतर जिनसांच्या बाबतीतही तितकीच निष्ठावंत होती काय?

नव्हती, आणि त्यात दंभापेक्षा समूहभावाचा मूळ स्वभावच मला अधिक दिसतो. माझ्या पाहण्यात वाईच्या एका वकिली घराण्याची त्या सुमाराची कीर्द आहे : तांबड्या खारव्याची बांधणी, मोडी अक्षर, वाळवीने कुरतडलेल्या कडा. पुण्यात 1905 च्या ऑक्टोबरात विलायती कापडाची होळी झाली, त्यानंतरच्या पानांवर धोतरजोडीच्या नोंदीमागे कारकुनाने ‘देशी’ हे विशेषण कटाक्षाने लावलेले आहे. आणि त्याच पानावर, दोनच ओळी खाली, आगपेट्या मात्र नुसत्याच आगपेट्या आहेत. त्या काळी हा माल मुख्यतः स्वीडन आणि जपान येथून येत असे, पण त्याची दखल घेण्याची निकड कोणालाच भासली नाही. धोतर नेसून वकीलसाहेब कचेरीत जात, ते पक्षकार पाहत, प्रतिपक्षाचे वकील पाहत, आळीतली टवाळ पोरेही पाहत. आगपेटी चुलीशेजारच्या कोनाड्यात पडून राही आणि तिची झडती घेणारे कोणी नव्हते. ज्या जिनसेवरून माणूस कोणाचा आहे हे चारचौघांत ओळखले जाते, तिच्यासाठी तो पदरमोड करतो. बाकीच्यांच्या बाबतीत तो पूर्वीप्रमाणे भाव विचारतो.

सार्वजनिक काकांना हे मर्म पुष्कळ आधी उमगले होते. सार्वजनिक सभेच्या 1870 मधील स्थापनेत अग्रभागी असलेले हे गणेश वासुदेव जोशी 1877 च्या दिल्ली दरबारास सभेच्या वतीने गेले, ते हातसुताच्या खादीच्या वेषात. जरतारी आणि जवाहिरांनी लखलखणाऱ्या राजेरजवाड्यांच्या त्या मेळ्यात तो जाडा पोशाख अर्जविनंतीच्या कागदापेक्षा अधिक बोलका ठरला असला पाहिजे.

दृष्टीआड जे असते त्याची चौकशी समूह करीत नाही, याचे मासले कापडातही सापडतात. मुंबईच्या गिरणीतले धोतर देशी खरे. पण ज्या चात्यांवर त्याचे सूत निघाले त्या बव्हंशी लँकेशायरातच घडलेल्या, आणि त्यावरून एकाही गिऱ्हाइकाने धोतर परत केल्याचे माझ्या वाचनात नाही. उलट बंगाल्यातून मागणी वाढताच मुंबईच्या गिरणीवाल्यांनी भाव चढविले आणि कलकत्त्याच्या पुढाऱ्यांना त्याबद्दल कुरकुर करावी लागली. निष्ठेचाही दर ठरविता येतो, हे व्यापाऱ्यांना पुढाऱ्यांच्या आधी कळते. तो दर ज्यांना परवडत नव्हता त्या रयतेची कैफियत रवींद्रनाथांनी 1916 च्या ‘घरे-बाइरे’त मांडली आहे, आपल्या बाजारात विलायती मालाला बंदी करण्याचे नाकारणारा त्यांचा जमीनदार निखिलेश मला त्या कादंबरीतला सर्वांत शहाणा माणूस वाटतो.

आता माझ्या आवडीचा अपवाद. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी दरसाल एकच पैसा मागण्याची कल्पना काढली, टिळकांनी तिला उचलून धरले, आणि त्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला. कंदिलाची काच ही आगपेटीसारखीच घरगुती चीज. काजळी धरली की राखेने पुसायची, तडकली की उकिरड्यावर टाकायची. पण काळ्यांची युक्ती अशी की, गिऱ्हाइकाला माल दाखविण्यापूर्वीच त्यांनी त्याला कारखान्याचा धनी करून टाकले. पैसा दिलेल्या शाळकरी पोराला तळेगावची काच आपली वाटण्यासाठी ती मिरविण्याची गरज उरली नाही. धंदा म्हणून हा कारखाना फारसा भरभराटला नाही. परंतु तिथे हात बसलेले कारागीर पुढे इतरत्रच्या काचकारखान्यांत गेले, ही कमाई मी कोणत्याही नफ्यापेक्षा मोठी समजतो.

वाचकांपैकी कोणाच्या घरी 1905 ते 1910 या काळातील कीर्दखतावण्या असतील, तर त्या रद्दीत घालण्यापूर्वी कापड, साखर आणि काचसामान यांच्या नोंदी उतरवून मजकडे अवश्य पाठवाव्यात. जाहिरातींचे प्रकरण पुढील आठवड्यात, मध्येच असा दुसरा प्रश्न न आला तर.