पंच्याण्णव टक्के कशाचे?

"आज छत्तीस डिग्री आणि ह्युमिडिटी पंच्याण्णव टक्के! माणूस जगतलो कसो?" एप्रिल लागला की बांद्याच्या बाजारात हे वाक्य रोज कानावर पडतं. चहाच्या टपरीवर, एसटीची वाट बघताना, मासळीच्या ओळीत. बोलणारा फोन पुढे करून पुरावाही दाखवतो. उकाड्याची तक्रार शंभर टक्के खरी. दोन्ही आकडेही बहुधा खरेच, आणि एकाच दिवसाचे. फक्त एका वेळचे नव्हेत. पंच्याण्णव टक्के पहाटेचे असतात आणि छत्तीस अंश दुपारी अडीचचे.

हे पंच्याण्णव टक्के हवेतल्या पाण्याचे नसतातच. हवेत पंच्याण्णव टक्के पाणी असतं तर आपण तेरेखोल नदीच्या तळाशी बसलो असतो. अगदी दमट किनाऱ्यावरही वजनाने हवेचे जेमतेम दोन-तीन टक्के बाष्प असतं. बातमीत सांगतात ती सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढं बाष्प राहू शकतं त्याच्या किती टक्के सध्या आहे ते. 'त्या तापमानाला' हे दोन शब्द गाळले की सगळा घोटाळा सुरू होतो.

गणित करून पाहू. पहाटे तापमान २४ अंश. एवढ्या तापमानाला एका घनमीटरात फार तर २२ ग्रॅमच्या आसपास बाष्प राहतं. प्रत्यक्षात २१ ग्रॅम आहे, म्हणून आर्द्रता ९५ टक्के. दुपारी पारा ३६ वर जातो. आता कमाल मर्यादा जवळजवळ ४२ ग्रॅम. बाष्प तेवढंच आहे. उलट हवा तापून थोडी फुगल्यामुळे घनमीटरला ते २० ग्रॅम भरेल. आर्द्रता किती झाली? ४८ टक्के. बाष्पाचा एक थेंबही कुठे गेला नाही, ज्या आकड्याने भागायचं तो दुप्पट झाला. दुपारनंतर खारे वारे खोऱ्यातून आत आले तर थोडं बाष्प वाढतं आणि आकडा पंचावन्न-साठपर्यंत चढतो. पण पंच्याण्णव? नाही.

३६ अंशांना ९५ टक्के खरोखरच झाले तर काय होईल, तेही बघा. दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो बिंदू, ३५ अंशांवर जाईल. सौदी अरेबियातल्या धाहरानला ८ जुलै २००३ रोजी ३५ अंश दवबिंदू नोंदवला गेला आणि तो जगातल्या सर्वांत मोठ्या नोंदींपैकी एक मानतात. म्हणजे आपल्या टपरीवर जागतिक विक्रमाची बरोबरी रोज होते, आणि त्यानंतर लोक दुसरा चहा मागवतात! त्या हवेत ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापकही ३५ च्या खाली उतरणार नाही. स्टीव्हन शेरवूड आणि मॅथ्यू ह्यूबर यांनी २०१० मध्ये मांडलं की अशा हवेत काही तास राहिल्यास घाम काम करेनासा होतो आणि निरोगी माणूसही तगत नाही. पाकिस्तानातल्या जेकबाबादसारख्या मोजक्या ठिकाणी ही पातळी थोड्या वेळापुरती गाठली गेली आहे. पेनसिल्व्हेनियातल्या विद्यापीठाने २०२२ साली तरुणांवर घेतलेल्या चाचण्यांत तर शरीराची मर्यादा त्याहूनही खाली, ३०-३१ अंशांच्या आसपास निघाली. तेव्हा दमट उष्णता गंभीर आहेच, आणि म्हणूनच तिचे आकडे असे वाऱ्यावर सोडू नयेत.

तरीही विश्वास बसत नसेल तर दोरीवरच्या पंचाला विचारा. एप्रिलच्या दुपारी सावलीतसुद्धा तो पाहता पाहता वाळतो. अंगणात सोलं वाळतात, पापड कडक होतात. पंच्याण्णव टक्क्यांत हे होत नाही. ती अवस्था जुलैत येते: पारा दिवसभर सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास, आर्द्रता नव्वदीत, आणि तोच पंचा दुसऱ्या दिवशीही दमट, वर कुबट वास.

घोटाळ्याचं मूळ बातमीच्या चौकटीत आहे. हवामान खातं आर्द्रता सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच अशी दोन वेळा देतं. बांद्याला जवळची नोंद वेंगुर्ल्याची. चौकट छापणारा मोठा आकडा उचलतो आणि कमाल तापमानाशेजारी मांडतो. फोनवरचा आकडा तर बहुतेक वेळा मोजलेला नसतोच, तो संगणकाने काढलेला अंदाज असतो. दिवसाचा दमटपणा एका आकड्यात हवा असेल तर दवबिंदू बघा, तो पाऱ्याबरोबर वरखाली नाचत नाही. वरच्या उदाहरणात तो पहाटेही २३ आणि दुपारीही २३ च्या आसपास. एवढा दवबिंदू म्हणजे चिकचिक ठरलेलीच.

"शंभर टक्के झाली की पाऊस पडतो," हाही एक आवडता समज. नदीकाठी धुकं उतरतं तेव्हा शंभर टक्केच असतात. पाऊस कुठे पडतो? मोजमाप जमिनीपासून सव्वा मीटरवर होतं, पावसाचा निर्णय कितीतरी वर. दमट हवा जड असते म्हणतात. खरं तर ती कोरड्या हवेपेक्षा हलकी, कारण पाण्याचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलका. चहाच्या भांड्यावर दिसते ती वाफ नव्हे, ते पाण्याचे बारीक थेंब. खरी वाफ दिसत नाही. पंखा हवा गार करत नाही, घाम वाळवतो. आणि नुसता निथळणारा घाम काहीच कामाचा नाही, वाळणारा हवा: एक लिटर घाम वाळताना जेवढी उष्णता घेऊन जातो, तेवढ्यात सात लिटर गार पाण्याला उकळी येईल.

मोजायचं असेल तर महागडं यंत्र लागत नाही. सारखे दोन तापमापक घ्या, एकाच्या फुग्याला मलमलची ओली चिंधी गुंडाळा, दोन्ही सावलीत पंख्यासमोर धरा. ३६ अंशांच्या दुपारी ओला साडेसव्वीसवर थांबला तर आर्द्रता ४८ टक्के. पहाटे दोघांत जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक राहील. फरक शून्य झाला की शंभर टक्के. तक्ते शाळेच्या प्रयोगशाळेत मिळतात.

बाजारातलं डिजिटल आर्द्रतामापक घेतलंच असेल तर त्याची परीक्षा मिठाने करा. वाटीत मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, वाटी आणि यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात शेजारी ठेवा, रात्रभर उघडू नका. सकाळी ७५ च्या आसपास दिसलं पाहिजे. ८५ दिसलं तर यंत्र दहाने जास्त सांगतंय. तेवढे वजा करा, मग बोला.