चुलवाणाचा धूर : वाया जाणारे सरपण

दिवाळी सरली की कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या तोडीबरोबर गुऱ्हाळे सुरू होतात. शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरी पेठेने येथील गुळाला मोठी बाजारपेठ दिली, आणि २०१४ मध्ये ‘कोल्हापूर गूळ’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. या धंद्याची चर्चा निघते तेव्हा गुळाचा भाव, उसाची जात आणि ढेपेचा रंग यांविषयी पुष्कळ बोलले जाते. ज्या चुलवाणावर हे सारे अवलंबून आहे त्याच्याविषयी मात्र फार थोडे. काहिलीभोवती दाटलेला धूर आणि धुराड्यातून निघणारा काळा लोट हा गुऱ्हाळाचा स्वभावच आहे, असे आपण मानून चालतो. वास्तविक तो चुलवाणाचा दोष आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो दूर करता येतो.

चिपाडाचा हिशेब

शंभर किलो ऊस चरकातून गाळला असता साधारणपणे ६२ किलो रस आणि ३८ किलो ओले चिपाड मिळते. या चिपाडात जवळजवळ निम्मे पाणी असते. म्हणजे खरे सरपण १९ किलोच. त्या रसाचा गूळ करावयाचा तर सुमारे ५० किलो पाणी वाफ करून घालवावे लागते. रस तापविण्यास व पाण्याची वाफ करण्यास मिळून अदमासे ३१ हजार किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो कोरडे चिपाड पूर्ण जळाल्यास सुमारे ४ हजार किलोकॅलरी देते, म्हणजे १९ किलोंपासून ७६ हजार मिळतात. याचा अर्थ असा की, चुलवाणाने शंभरातील ४१ भाग उष्णता रसापर्यंत पोहोचविली, तर गुऱ्हाळाचे चिपाड गुऱ्हाळास पुरते. त्याहून कमी पोहोचली की बाहेरून लाकूड आणावे लागते आणि त्याचा भार शेतकऱ्याच्या खिशावर व गावच्या झाडांवर पडतो.

नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. जाळ मंद असला की रस काहिलीत अधिक वेळ राहतो, त्यातील साखरेचे विघटन होते आणि गूळ काळपट व मऊ पडतो. शिवाय जाळ घालणारा गडी व गुळव्या यांना हंगामभर तोच धूर छातीत घ्यावा लागतो.

ज्वाळा कशाची असते?

चिपाड किंवा लाकूड तापले की त्यातून जळाऊ वायू बाहेर पडतात. कोरड्या चिपाडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग अशा रीतीने वायुरूप होतो, व उरलेला कोळसा जाळीवर धुमसतो. आपल्याला दिसणारी ज्वाळा ही मुख्यतः या वायूंची असते. शिक्षकांना हे वर्गात सहज दाखविता येईल. पेटती मेणबत्ती फुंकून विझवावी आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराच्या धारेला जळती काडी लावावी. वातीला स्पर्श न करताच ज्योत धुरावरून खाली उतरते. धूर म्हणजे न जळलेले सरपण, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

म्हणून चुलवाणात दोन ज्वलने होतात. पहिले जाळीवर, घन सरपणाचे. दुसरे त्याच्या वर, वायूंचे. या दुसऱ्या ज्वलनास तीन गोष्टी लागतात : ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता, जाळाच्या वरच्या बाजूस मिळणारी पुरेशी हवा, आणि वायू व हवा मिसळून जळण्यास मोकळी जागा. यांपैकी एकही उणे पडले की वायू न जळताच धुराड्याची वाट धरतात.

ओढ म्हणजे काय?

एक किलो कोरडे चिपाड जळण्यास चार ते पाच घनमीटर हवा लागते. पंखा नसलेल्या चुलवाणात ही हवा धुराडेच ओढून आणते. धुराड्यातील उष्ण वायू बाहेरच्या हवेपेक्षा हलके असतात. ते वर चढतात आणि त्यांच्या जागी चुलवाणाच्या तोंडातून व राखखड्ड्यातून नवी हवा शिरते. धुराडे ९ मीटर उंच आणि आतील वायू ३०० अंश उष्ण असल्यास ही ओढ पाण्याच्या साडेचार मिलिमीटर उंचीच्या दाबाइतकी भरते. तेच वायू १५० अंशांवर आले की ती तीन मिलिमीटरच्याही खाली येते. ही शक्ती मुळातच इतकी नाजूक असल्यामुळे एखादी फट किंवा काजळीचा जाड थरही तिला मारक ठरतो.

दोष कसा ओळखावा?

धूर कोठून निघतो आणि त्याचा रंग कोणता, यावरून दोषाचे निदान होते.

*धूर तोंडातून मागे फिरत असेल,* तर ओढ कमी आहे. पेटती उदबत्ती चुलवाणाच्या तोंडाशी धरावी. तिचा धूर आत वळला पाहिजे. वळत नसल्यास पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात. पहाटे धुराडे थंड असते व त्यातील जड हवा वाट अडविते. अशा वेळी धुराड्याच्या पायथ्याशी मूठभर कोरडे पाचट पेटवून ते आधी तापवावे. तरीही ओढ न लागल्यास काहिलीखालून धुराड्याकडे जाणाऱ्या मार्गात राख व काजळी साचली आहे काय, ते पाहावे. नंतर काहिलीचा काठ आणि भिंत यांमधील फटी, तसेच धुराड्याच्या बांधकामातील तडे शोधावेत. तेथेही उदबत्तीच उपयोगी पडते. फटीपाशी तिचा धूर आत खेचला गेल्यास थंड हवा तेथून शिरून धुराड्यातील वायू निववीत आहे असे समजावे. अशा फटी चिकणमातीने लिंपाव्यात. पावसाळ्यात खड्ड्यात मुरलेले पाणीही पहिले काही दिवस उष्णता खाते. म्हणून पहिला रस चढविण्यापूर्वी रिकाम्या चुलवाणात मंद जाळ करून ते वाळवावे, मात्र तोवर काहिलीत पाणी ठेवावे. धुराड्याचे टोक छपराच्या किंवा जवळच्या झाडांच्या खाली राहिले असल्यास वारा धूर खाली दाबतो. तेथे उंची वाढविण्यावाचून उपाय नाही.

*धुराड्यातून दाट पांढरा धूर निघत असेल,* तर चिपाड ओले आहे. त्यातील पाणी घालविण्यातच उष्णता खर्ची पडते आणि वायू पेटण्याइतका जाळ तापत नाही. चिपाड पातळ पसरून, उलटेपालटे करून उन्हात कडक वाळवावे आणि अवकाळी पावसापासून झाकून ठेवावे.

*ओढ चांगली असूनही काळा धूर निघत असेल,* तर पहिले ज्वलन ठीक असून दुसरे अपुरे आहे. याचे नित्याचे कारण म्हणजे चिपाडाचे मोठे भारे एकदम आत लोटणे. प्रत्येक भाऱ्याबरोबर वायूंचा लोट उठतो व तेवढी हवा मिळत नाही. थोडे थोडे पण सतत घालावे. दुसरे कारण वरच्या हवेचा अभाव. जाळीखालून येणारी हवा कोळशातच संपते. म्हणून जाळीच्या वर व काहिलीच्या खाली, भिंतीत लहान छिद्रे ठेवावीत. तप्त विटांमधून येताना ही हवा तापते आणि वायूंना विझवीत नाही. छिद्रे कमी-अधिक झाकण्याची सोय असावी, कारण अतिरिक्त थंड हवाही तितकीच घातक असते. तिसरे कारण काहिलीचा तळ जाळाच्या फार जवळ असणे. उकळत्या रसाने भरलेली काहील ज्वाळेच्या मानाने थंडच. ज्वाळा तिला पूर्ण जळण्याआधी भिडली की विझते आणि तळाला काजळी धरते.

*धुराड्यातून ठिणग्या उडत असतील व त्याचा पायथा अतिशय तापत असेल,* तर ओढ प्रमाणाबाहेर आहे. रसाला मिळावयाची उष्णता आकाशात जाते. धुराड्याच्या मार्गात लोखंडी झडप बसवून ती नियंत्रित करावी. परंतु जाळ चालू असताना झडप पूर्ण बंद करू नये, कारण कोंडलेल्या वायूंतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो व तो प्राणघातक आहे. याच कारणास्तव चुलवाण पुरते थंड होऊन त्यात मोकळी हवा खेळल्याशिवाय सफाईसाठी कोणीही आत उतरू नये.

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक काहिलीस लागलेला वेळ, वजन करून घातलेले चिपाड व धुराचा रंग वहीत टिपून ठेवावा. आठवडाभरात कोणत्या दुरुस्तीने किती लाभ झाला ते आकड्यांत दिसेल.

घरच्या चुलीलाही हाच नियम

१९८३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात देशभर धुराड्याच्या चुली बसविण्यात आल्या. २००२ मध्ये तो कार्यक्रम थांबला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस पोहोचविला, तरी पाणी तापविण्यास आणि भाकरीस परसदारी चूल पेटतेच. चूल बांधून दिली म्हणजे काम संपत नाही. काजळीने भरलेले नळकांडे आणि तडकलेली भिंत निर्धूर चुलीलाही धुराची करून सोडते. कोरडे सरपण, साफ धूरमार्ग, वरून थोडी उष्ण हवा आणि ज्वाळेला जागा, ही चतुःसूत्री तीन दगडांच्या चुलीपासून काहिलीच्या चुलवाणापर्यंत सर्वत्र लागू आहे.

ग्रामपंचायतींनी हंगामाच्या आरंभी आपल्या हद्दीतील गुऱ्हाळमालक, गुळवे आणि जाळ घालणारे गडी यांना एकत्र बोलावून एखाद्या चालू चुलवाणावर ही तपासणी करून दाखवावी. बांधकामातील बदलांसाठी कोल्हापूर येथील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राचा सल्ला घेता येईल. या कामास मोठा निधी लागत नाही. चिकणमाती, काही विटा, एक झडप आणि एक वही पुरते. धुराड्याच्या टोकावर धूर जेमतेम दिसू लागला की सरपण कामी लागले असे समजावे. वाचलेले चिपाड पुढच्या काहिलीस उपयोगी येईल, आणि शेतकऱ्याला लाकडासाठी बांधावरच्या झाडाकडे पाहावे लागणार नाही.